दोन हात मोकळा दोर

रेजिना,

तू गेल्यानंतरच्या सातव्या दिवसाची मिस्सा संपली आणि सगळे चर्चच्या पायऱ्यांवर घुटमळत उभे राहिले. तुझे बाबा, पास्कूकाका, एका बाजूला होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, बहुधा शेजारणीने करून दिलेला. पायात मात्र जेट्टीवरच्याच चपला. आता त्या घरात ते एकटेच. काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून मी जवळ गेले, त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "काका, काही लागलं तर सांगा हं."

"हां बाय, सांगीन," ते म्हणाले.

आणि मला तुझं हसू ऐकू आलं. ते नाकातून येणारं, माझ्या कोडमध्ये चूक सापडली की हसायचीस ते. इतकं स्पष्ट, की मी मागे वळून बघितलं. मागे फादर कोणाशी तरी बोलत उभे होते.

तुला हसायला कारण होतं. आपल्या दोघींचा एक वाद अर्धवट राहिला होता आणि तुझ्या मिस्सेच्या दिवशी, तुझ्याच बाबांसमोर, मी माझी जुनी बाजू पुन्हा मांडून मोकळी झाले होते. वाद एवढाच होता, की ज्याला गरज आहे त्याने मागायचं, की देणाऱ्याने न मागता द्यायचं. ऑफिसात तो वाद मी जिंकले होते. त्या जिंकण्याचं पुढे काय झालं ते तुला सांगायचंय. तू असताना सांगायला हवं होतं, पण तू असताना ते माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला आपला तो पहिल्या मजल्यावरचा गाळा! खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, वर आपण सहा जण आणि शिरसाट सर. खालची मशीन सुरू झाली की आपली टेबलं थरथरायची आणि उन्हाळ्यात गरम प्लास्टिकचा वास डब्यातल्या भाजीला लागायचा. आपल्याबरोबर शिकलेल्या सगळ्या जणी नोकरीला मुंबईला जायच्या. आपण दोघी तेवढ्या पूल ओलांडून पूर्वेला. कॉम्प्युटरच्या कर्नलचं काम करतो असं सांगितलं, की लोक विचारायचे, म्हणजे नक्की काय? माझ्या आईने शेजारणीला सांगून टाकलं होतं, की आमची नीता कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्यावर शेजारणीने आपला बंद पडलेला मिक्सर आणून दिला.

तू मात्र पास्कूकाकांना सगळं नीट समजावलं होतंस. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेले छोटे छोटे कॉम्प्युटर चालतात. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, आपली मेमरी आपली आहे. खरं तर सगळं त्या मोठ्याकडून वाटून मिळालेलं. आता त्यातल्या एखाद्यावर काम वाढलं आणि मेमरी कमी पडायला लागली तर? तोवरची रीत अशी, की ते मशीन बंद करायचं, मेमरी वाढवायची, पुन्हा चालू करायचं. पण पुण्याच्या ज्या कंपनीचं काम आपण घेतलं होतं, त्यांची मशीन बंद करून चालणारच नव्हतं. चालू मशीनला, त्याच्या हातातलं काम न थांबवता, मेमरी द्यायची. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक ड्रायव्हर बसवायचा. बाहेरून आलेली नवी मेमरी ओळखून ती कर्नलच्या हवाली करणारा छोटा प्रोग्रॅम. तो आपण दोघींनी लिहायचा होता.

"म्हंजी चालत्या होडीला फळी जोडाची," पास्कूकाकांनी ऐकून घेतल्यावर म्हटलं होतं.

तेवढ्यावरून तू आपल्या मोठ्या सर्व्हरचं नाव ‘होडी’ ठेवलंस आणि आतल्या मशीनना माशांची नावं दिलीस. पापलेटला सगळ्यात जास्त मेमरी, बोंबलाला मध्यम आणि मांदेलीला नावापुरती. माझ्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार मासे चालत नाहीत. त्या दिवशी तू सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचीस, "नीता, आज पापलेटला हात लावलेला चालेल ना गं तुला?"

वाद सुरू झाला तो मेमरी कधी द्यायची यावरून. माझं म्हणणं सरळ होतं. मशीनच्या आत एक प्रोग्रॅम बसवू. तो किती मेमरी उरली ते बघत राहील आणि कमी पडली की बाहेर मागेल. ज्याला लागेल तो मागेल. कोणाला किती लागतं ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळणार? न मागता देणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तुझं म्हणणं, की होडीनेच बाहेरून बघत राहावं आणि वेळ यायच्या आधी द्यावं.

"जो आधीच अडचणीत आहे त्याला मागायचंपण काम लावतेस?" तू म्हणालीस.

"मग काय ज्योतिष बघायचं?"

"ज्योतिष कशाला? लक्ष ठेवायचं."

हे आपण दोन आठवडे केलं. चहावाला कप ठेवून जायचा आणि साय धरलेले तसेच परत न्यायचा. शेवटी शिरसाट सर कंटाळले आणि माझी बाजू घेतली, कारण माझ्या पद्धतीत कोड कमी लिहावं लागणार होतं. तू खांदे उडवलेस आणि माझा मागणारा प्रोग्रॅम मला तूच लिहून दिलास. तुझा हात माझ्यापेक्षा साफ होता, हे मी तेव्हा कधी कबूल केलं नाही. आता करते.

मग पुण्याहून तीन माणसं काम बघायला आली. सरांनी टेबलावर नवं कापड घातलं होतं आणि तुला बजावलं होतं, की ती माशांची नावं बदल. तू विसरलीस, किंवा विसरल्याचं सोंग केलंस. पडद्यावर मोठ्या अक्षरात मांदेली.

आपण महिनाभर तेच करून बघितलं होतं. शंभरदा तरी मेमरी दिली असेल आणि शंभरदा ती नीट गेली होती. पण प्रत्येक वेळी काम नसलेल्या, भरपूर मेमरी मोकळी असलेल्या मशीनला. कारण होडी एकच आणि ती सहा जणांत वाटलेली. कोणी आपलं मशीन गच्च भरलं की बाकीचे ओरडायचे. म्हणून आपण दोघी शहाण्या मुलींसारख्या कोणाला त्रास न देता काम करत राहिलो. पोट भरलेल्याला वाढून बघत होतो आणि तो पान पुढे करतोय म्हणून खूश होत होतो.

पाहुण्यांनी त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम आणला होता. तो मांदेलीवर चढवला आणि त्याने भराभर मेमरी खायला सुरुवात केली. आपल्या प्रोग्रॅमने मागितलं. होडीने दिलं. नवी मेमरी अगदी दाराशी आली आणि ड्रायव्हरला ती आत घेता येईना. आता ते कोणालाही सांगता येईल: नवी मेमरी घ्यायची तर कर्नलला आधी तिच्या प्रत्येक तुकड्याची यादी करावी लागते आणि ती यादी ठेवायला जागा लागते ती जुन्याच मेमरीत. मांदेलीकडे तेवढीही जागा उरली नव्हती. असं कोंडीत सापडलं की कर्नल एखादा प्रोग्रॅम मारून जागा करतं. त्या दिवशी त्याने मारला तो आपला मागणारा प्रोग्रॅम.

"म्हणजे ज्याने मदत मागितली त्यालाच उडवलं?" पाहुण्यांतल्या एकाने विचारलं आणि तिघंही हसले. सरही हसले, पण जरा उशिरा.

तू पुढे होऊन म्हणालीस, "चूक आमची आहे. आम्हाला पंधरा दिवस द्या." आमची म्हणालीस. मागणाऱ्याची कल्पना माझी एकटीची होती, हे त्या खोलीत तुला, मला आणि सरांना माहीत होतं. मी पडद्याकडे बघत गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी घरी तोंड पाडून बसले होते. तुझा फोन आला, "जेवायला ये, बाबांनी रावस ठेवलाय." मी नको म्हणायच्या आत तू फोन ठेवलास. ही तुझी जुनी सवय. समोरच्याला नको म्हणायला वेळच द्यायचा नाही.

पाचूबंदरला तुमच्या घरासमोर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्यामध्ये कोणाच्या तरी चादरीही. जेवण व्हायला वेळ होता म्हणून आपण धक्क्यावर गेलो. उधाणाचे दिवस होते, पाणी चढत होतं. पास्कूकाका होडीत उभे राहून नांगराचा दोर वाढवत होते. दोर होडीतल्या खुंटाला बांधलेला आणि खुंटाच्या अलीकडे त्याचं दोन हात टोक सुटं सोडलेलं. त्या सुट्या टोकाला त्यांनी नवा दोर जोडला, गाठ ओढून बघितली आणि मग खुंटावरचे वेढे सैल करून दोर सोडला. होडी हातभर मागे सरली आणि पुन्हा शांत झाली. एवढ्या वेळात ती एकदाही सुटली नव्हती.

मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काका, दोर आधीच लांब का नाही ठेवत?"

"लांब ठेवला तं होडी फिरत बसल. बाजूच्याला ठोकल."

"मग पाणी चढून दोर ताणला की तेव्हा वाढवायचा?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मासा उलटा धरलाय. "तानल्यावर गाठ बसते का, बाय? ढिला हाय तवर बांदाचा. आन् शेपटाला दोन हात मोकला सोडाचा. कितीबी गरज पडली तरी त्याला हात लावाचा नाय. तो गाठीचा हाय."

तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे. रावस निवत होता आणि आपण दोघी धक्क्यावर बसून त्यांच्या बिलाच्या पाठीमागे ड्रायव्हरचं चित्र काढत होतो. बर्फाच्या कारखान्याचं बिल होतं ते. काका नंतर दोन दिवस शोधत होते.

सोमवारी तू ते लिहिलंस. मशीन सुरू होतानाच ड्रायव्हर थोडी जागा बाजूला काढून ठेवेल. तिला कोणी हात लावायचा नाही. ती फक्त नव्या मेमरीच्या यादीसाठी. कोडमध्ये त्या जागेचं नाव तू ‘शेपूट’ ठेवलंस. यावर मात्र आपलं भांडण झालं नाही. पंधरा दिवसांनी तीच माणसं आली, तोच प्रोग्रॅम चढवला आणि मांदेलीने काम न थांबवता, गुमान, नवी मेमरी आत घेतली. तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की माझा चष्मा खाली पडला. काकांनी ऑफिससाठी पापलेटं पाठवली आणि शिरसाट सर शाकाहारी निघाले.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. मागायचं कोणी? मी म्हटलं, शेपूट आहे ना आता, मग मागणारा प्रोग्रॅम राहू दे. फक्त जरा आधी मागायला लावू. तू म्हणालीस, तो किती आधी मागेल ते त्याच्या स्वभावावर आहे. सर म्हणाले, चाललंय ना, मग हात लावू नका. काम तसंच पुण्याला गेलं. फाइलच्या अगदी शेवटी तू इंग्रजी अक्षरांत एक ओळ टाकून ठेवलीस. ‘नीता जिंकली. बघू.’ सरांनी ती काढायला सांगितली होती. मी काढली नाही, कारण मला ती आवडली होती. जिंकले होते ना!

त्यानंतर सहा महिन्यांनी माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. बाबा बँकेत, सकाळी सातला बाहेर. मी आधी बिनपगारी रजा घेतली, मग अर्धा दिवस काम. तेव्हा सगळे किती चांगले वागले! सोसायटीतल्या बायका, नातेवाईक, ऑफिसातले, प्रत्येक जण दारात उभं राहून म्हणायचा, काही लागलं तर सांग हं. आणि मला खरंच काय लागतंय ते सुचायचं नाही. काय सांगू? आईची कूस बदलताना दुसरं कोणी असावं? केस धुवायला अर्धा तास मिळावा? असलं कोणी कोणाला सांगतं का? मी म्हणायची, हो, नक्की सांगेन.

तू असं एकदाही म्हणाली नाहीस. एका बुधवारी सकाळी तू मोपेडवरून आलीस, साफ करून, हळद-मीठ लावलेली मांदेली स्टीलच्या डब्यातून घेऊन. चपला काढल्यास, आईच्या खाटेपाशी बसलीस आणि मला म्हणालीस, "जा, अंघोळ कर. डोक्यावरून कर."

"अगं पण तुला ऑफिस..."

"नीता, जा ना यार."

मी गेले. नळ सोडून बाथरूममध्ये रडले आणि मग केस धुतले. बाहेर आले तर तू आईला मासळीच्या लिलावातल्या बायकांची भांडणं आवाज काढून ऐकवत होतीस आणि आई अर्ध्या तोंडाने हसत होती. झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

पुढच्या बुधवारी पुन्हा आलीस. त्याच्या पुढच्याही. मी एकदा विचारलं, "फोन का नाही करत आधी?" तर म्हणालीस, "फोन केला तर तू नको म्हणणार." दीड वर्ष, रेजिना. मध्ये तुला ताप आला होता ते दोन आठवडे सोडले तर दीड वर्षात एक बुधवार चुकला नाही. एका बुधवारी मी तू आल्या आल्या आडवी झाले ती तीन तास झोपले. उठले तर कूकर लावलेला, आईचे कपडे बदललेले आणि तू तिच्या डाव्या हाताला वाल सोलायला शिकवत होतीस. व्यायाम म्हणून. आई अजून तसेच सोलते, एका हाताने.

एकच खोड होती तुझी. डबा विसरायचीस. दर वेळी रिकामा डबा आमच्याकडे राहायचा आणि पुढच्या बुधवारी तू दुसरा घेऊन यायचीस, मग तो राहायचा आणि आधीचा न्यायचीस. कधीकधी तीन-तीन साठायचे. मी तुला विसरभोळी म्हणून किती चिडवलं! कर्नलमधला एक-एक बाइट लक्षात ठेवणारी बाई, हातातला डबा लक्षात नाही. तू म्हणायचीस, "हो ना गं, डोकंच नाही मला."

मग आई काठी घेऊन चालायला लागली. आपलं ऑफिस बंद झालं, सर नाशिकला गेले. मला अंधेरीत नोकरी लागली, तुला घरून करायचं काम मिळालं. आम्ही वसईची भाड्याची जागा सोडून विरारला स्वतःचा फ्लॅट घेतला. सामान बांधताना मी तुझे सगळे डबे शोधून काढले. पाच निघाले. चिंच लावून लख्ख घासले, झाकणांच्या जोड्या जुळवल्या, पिशवीत घातले आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तुला दिले.

तू पिशवीत बघितलंस. "सगळे दिलेस?"

"सगळे. एकही ठेवला नाही," मी म्हणाले. मला केवढं बरं वाटलं होतं, कोणाचं काही आपल्याकडे राहिलं नाही म्हणून.

तू म्हणालीस, "बरं." आणि पिशवी मोपेडला अडकवलीस.

विरार ते वसई किती लांब? मध्ये एकटं नालासोपारा. पण त्यानंतर आपण वर्षातून दोनदा भेटलो असू. भांडण नाही, काही नाही. फोनवर तास-तास बोलायचो, पण यायचं-जायचं राहून गेलं. मग गेल्या वर्षी तुझ्या किडन्यांचं कळलं. तेही तू सांगितलं नाहीस, मीच आवाजावरून खोदून काढलं. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "रेजू, काही लागलं तर सांग हं." दर फोनला म्हणाले. मनापासून म्हणाले गं. तू एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी धावत आले असते, हे तुलाही माहीत होतं. तू म्हणायचीस, "हो गं, सांगते ना."

एकदाच तू सुरुवात केलीस. "नीता, ऐक ना, बाबांना..." आणि दम लागल्यासारखी थांबलीस. मी घाईघाईने म्हणाले, "काय झालं? काही लागलं तर सांग हं." तू म्हणालीस, "काही नाही. असंच. ठेवते." मी ते वाक्य हजारदा पुढे नेऊन बघितलंय. बाबांना काय? ते कळणार नाही आता.

एकदा भेटायला आले तीसुद्धा सफरचंदं घेऊन, पाहुण्यासारखी, खुर्चीच्या टोकावर बसून. तू गजरा माळून बसली होतीस, मी येणार म्हणून. तुझ्या मयतीला तुमच्या शेजारणीकडून कळलं, की तू डायलिसिसला आठवड्यातून दोनदा रिक्षाने जायचीस. एकटी. येताना उतरून घरापर्यंत चालवत नसे म्हणून रिक्षावाल्याचा हात धरायचीस. त्याला मागितलास का हात? की त्याने न मागता दिला? मला त्या माणसाचा हेवा वाटतो, आणि लाज माझी वाटते.

मिस्सेहून घरी आले आणि स्वयंपाकघरात आईसमोर बसून हे सगळं बडबडले. पुण्याची माणसं, मांदेली, शेपूट, सगळं. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे. ती वाल सोलत होती. मी म्हटलं, "आणि मी तिला विसरभोळी म्हणायची, डब्यांवरून."

आईचा हात थांबला. तिला वाक्य जुळवायला वेळ लागतो, माहीत आहे तुला. म्हणाली, "विसरत... नव्हती. ठेवून जायची. पिंपामागे. मी बघायची ना... खाटेवरून."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं... तुला माहीत आहे."

पुन्हा यायला कारण राहावं म्हणून. मी नको म्हणू नये म्हणून. दर बुधवारी दोन हात मोकळा सोडून जायचीस तू, रेजू, आणि मी तो चिंच लावून घासून, गुंडाळून, तुझ्या हातात परत दिला. तुला तेव्हा काय वाटलं असेल? तू फक्त बरं म्हणालीस. एवढं तरी भांडायचंस. मेमरीवरून दोन आठवडे भांडलीस माझ्याशी.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आठवड्यातून एक दिवस संध्याकाळची शिफ्ट घेता येते. मी बुधवार घेतला. काल पहिला बुधवार होता. कोळ्याच्या घरी न्यायचं काय, हा प्रश्नच होता. मासे तर नेता येत नाहीत. आईने वालाचं बिरडं करायला लावलं. तुझं आवडतं, आणि तिने सोललेलं. फोन केला नाही. रिक्षाने किल्ल्यावरून वळून पाचूबंदरला गेले. पास्कूकाका ओट्यावर जाळं घेऊन बसले होते. होडी त्यांनी पुतण्याला दिली आहे, पण जाळी अजून तेच विणतात.

"कोनी बोलावलं तुला?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून.

"कोणी नाही. जेवायची वेळ झाली म्हणून आले."

"मी जेवलो."

चूल थंड होती. मी आत गेले, भात टाकला, बिरडं गरम केलं. तुझ्या टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर तुझ्या आईचा जुना रुमाल झाकलेला. काकांनी दोनदा भात घेतला. बिरड्यात गूळ जास्त झालाय म्हणाले. मग जेट्टीवर बर्फ महागल्याचं सांगत राहिले आणि मध्येच तुझ्याबद्दल बोलायला लागले, आणि मध्येच थांबून जाळं विणायला लागले. मी बसून राहिले. काही लागतं का, हे विचारलं नाही. खरं सांगते, दोनदा ओठांवर आलं होतं.

निघायची वेळ झाली तशी मी डबा घासला, पुसला आणि पिशवीत घालायला लागले. सवयच.

काका दारातून बघत होते. "तो कशाला नेतीस?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे हितंच. बुदवारी नेशील."

मी डबा तुमच्या फळीवर उपडा घातला, तुझ्या पाच डब्यांच्या शेजारी. झाकणही ठेवलं.